लाख, लाखोळी, तिवरा : एका डाळीचा आणि एका रोगाचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या स्थापनेची हकीकत, गणेशोत्सवांच्या व नाट्यप्रयोगांच्या आठवणी आणि दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण यांना मानाचे स्थान असावे, हे योग्यच आहे. आम्ही मात्र या प्रसंगी, ज्या भूमीने आपणांस आश्रय दिला त्या छत्तीसगडच्या एका साध्या पिकाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हे पीक म्हणजे तिवरा. पुण्या-सातारकडून रायपुरास आलेल्या कुटुंबांना ते बहुधा 'तुरीच्या डाळीत भेसळ करतात ती लाख' एवढ्याच ओळखीचे असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या झाडीपट्टीच्या मंडळींस मात्र रायपूरच्या बाजारात तिवरा दिसला की ही आपलीच लाखोळी, हे सांगावे लागत नाही. उत्तर हिंदुस्थानात तिला खेसारी म्हणतात. नावे अनेक असली तरी डाळ एकच, आणि तिच्यापासून होणारा रोगही एकच.

या डाळीने गेल्या दोन शतकांत मध्य हिंदुस्थानातील हजारो तरुण माणसांचे पाय कायमचे नेले. तरीही कोट्यवधी लोकांनी ती खाल्ली आणि त्यांस काही झाले नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचे उत्तर शोधू लागले म्हणजे पाऊस, जमीन, मजुरीची रीत, सरकारी कायदा आणि घरचे ताट यांचा परस्परांशी असलेला संबंध उलगडत जातो. रोग कोणाला व्हावा, हे या सर्वांनी मिळून ठरविले. तो संबंध दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पीक आणि त्याची जमीन

छत्तीसगडचे शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतात : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. यांपैकी डोरसा व काळी कन्हार या जमिनी ओल धरून ठेवतात. धान पिकत आले की उभ्या पिकातच, पायाखालच्या चिखलात, तिवऱ्याचे बी फोकून देतात. या पद्धतीला 'उतेरा' म्हणतात. धानाची कापणी होते तोवर तिवरा रुजलेला असतो. पुढे जमिनीत उरलेल्या ओलीवर तो वाढतो आणि फाल्गुनाच्या सुमारास हाती येतो. नांगरणी नाही, खत नाही, पाणी देणे नाही. उलट शेंगवर्गीय पीक असल्याने ते जमिनीला नत्र देऊन जाते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, ती वाळवूनही ठेवतात. दाण्याची डाळ होते, पीठ होते, आणि कुटार गुरांना मिळते. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा २८ च्या आसपास असते, म्हणजे आपल्या तुरीपेक्षाही अधिक. झाडीपट्टीत या डाळीचे वडे आवडीने खाल्ले जातात, हे तिकडच्या वाचकांस ठाऊक आहेच.

या पिकाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची चिवट प्रकृती. पाऊस अतोनात झाला तरी ते तगते, पाऊस मध्येच तुटला तरी तगते. गहू तांबेऱ्याने जातो, हरभरा थंडीने मार खातो, धान पाण्यावाचून पळीज होते. तिवरा तेवढा उभा राहतो. गरिबाला संकटात साथ देणारे असे दुसरे पीक क्वचितच असेल. दुर्दैव असे की याच गुणात त्याचा दोषही दडलेला आहे. बाकी सर्व पिके बुडालेल्या वर्षी जे एकटे हाती येते, ते त्या वर्षी एकटेच खाल्लेही जाते.

प्राचीनांना काय ठाऊक होते

आपल्या वैद्यकाला या रोगाची चाहूल फार पूर्वी लागली होती असे दिसते. सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात 'कलायखंज' नावाचा विकार सांगितला आहे : चालू लागताना रोग्याचे अंग कापते आणि तो लंगडत चालतो. कलाय म्हणजे नेमके कोणते कडधान्य, याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात 'त्रिपुट' या नावाखाली आलेले धान्य माणसाला लंगडे व पांगळे करते, असे स्पष्ट म्हटले आहे. त्रिपुट हे नाव दाण्याच्या आकारावरून पडले. लाखेचा दाणा तुरीसारखा गोल नसतो. तो कोनदार, एका बाजूस उतरता, पाचरीसारखा असतो. आजही निवडलेल्या डाळीत लाख ओळखण्याची पहिली खूण हीच आहे.

जाणकारांना दोष ठाऊक होता, आणि तरीही शेतकरी ते पीक घेत राहिला. याचे कारण अज्ञान एवढेच मानणे बरोबर होणार नाही. थोडी खाल्ली तर बाधत नाही, हा अनुभवही लोकांच्या गाठीला होताच.

सागरची हकीकत

या रोगाची मध्य हिंदुस्थानातील पहिली सविस्तर आधुनिक नोंद सागर भागातली आहे. सागर हे मराठी वाचकांस परके नाव नव्हे. गोविंदपंत बुंदेले यांच्या घराण्याचा अंमल तेथे १८१८ पर्यंत होता. त्यानंतर कंपनी सरकारच्या सेवेत तेथे आलेल्या विल्यम स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तेथील एका गावाची हकीकत लिहून ठेवली आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला स्लीमन तो हाच.

१८२९ साली त्या गावाचा व आसपासचा गहू गारपिटीने गेला. १८३० साली वेळेवर पाऊस न झाल्याने पीक उणे आले. १८३१ साली उभ्या पिकावर रोग पडला. या तिन्ही वर्षांत गव्हात आपोआप उगवणारा आणि एरवी गुरांना घातला जाणारा तिवरा मात्र जोमाने वाढला. १८३१ साली लोकांनी त्याचे भरघोस पीक काढले आणि त्या व पुढील वर्षी त्याच्या दाण्यावरच निर्वाह केला. १८३३ पासून परिणाम दिसू लागला. तिशीच्या आतल्या तरुण माणसांचे कमरेखालचे अंग एकाएकी लुळे पडू लागले. १८३३ आणि १८३४ या दोन वर्षांत त्या गावातील जवळजवळ निम्मी तरुण पिढी या रोगाने ग्रासली गेली, असे स्लीमन लिहितो.

ही हकीकत आम्ही मुद्दाम विस्ताराने दिली आहे, कारण पुढील दीडशे वर्षांत या रोगाविषयी जे जे सिद्ध झाले त्याची सर्व अंगे तीत आहेत. आधी हवामानाचा घाला, मग मुख्य धान्याचा अभाव, मग एकाच डाळीवर महिनोन् महिने निर्वाह, आणि शेवटी गावातील कामकरी तरुणांचे पाय जाणे. क्रम सदैव हाच राहिला आहे.

मध्यप्रांतातील दुष्काळ आणि मृत्यूची नोंदवही

भोसल्यांचा छत्तीसगडशी संबंध १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने आला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रायपुरास आणले, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपूर आणि भंडारा, बिलासपूर आणि चांदा हे एकाच राजधानीच्या, नागपूरच्या, आधीन होते. रायपुरात मराठी वस्ती वाढण्याचे हे एक मोठे कारण. धान, उतेरा आणि लाख यांचा पट्टा या सर्व जिल्ह्यांतून सलग पसरलेला असल्याने, रोगाच्या इतिहासातही ही भूमी एकच मानावी लागते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या प्रांताची दैना केली. १८९१ च्या खानेसुमारीत मध्यप्रांताच्या ब्रिटिश जिल्ह्यांत सुमारे १ कोटी ८ लाख माणसे होती; १९०१ साली ती सुमारे ९९ लाख भरली. छत्तीसगड हा धानाचा प्रदेश. पावसाने दगा दिला की येथे मुख्य अन्नच नाहीसे होई. १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचली होती. तिने दुष्काळात धान्य आणले हे खरे, पण सुकाळात तिनेच येथील तांदूळ दूरच्या बाजारपेठांत नेला आणि घरोघरच्या कणग्यांत शिल्लक राहणारा साठा कमी केला, अशी तक्रार त्या काळीही होती.

या दोन दुष्काळांच्या मागोमाग पांगळेपणाची साथ आली. तिची चौकशी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर ब्यूकॅनन यांनी केली. १८९६ ते १९०२ या काळातील मध्यप्रांताच्या लाखबाधेविषयीचा त्यांचा अहवाल १९०४ साली नागपुरास छापला गेला. एखाद्या प्रांताच्या सरकारने या रोगासाठी स्वतंत्र चौकशी करावी, यावरूनच त्याचा प्रसार ध्यानात येतो.

येथे एका गोष्टीचा विचार आवश्यक आहे. त्या काळी गावातील जन्ममृत्यूची वर्दी कोतवार देत असे, आणि मृत्यूची कारणे पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात अशा मोजक्या सदरांत घातली जात. लाखेने पांगळा झालेला माणूस त्या रोगाने मरत नाही. त्याची बुद्धी शाबूत असते, वाचा शाबूत असते, हातही चालतात. जातात ते पाय. म्हणून मृत्यूच्या नोंदवहीत या रोगाला सदरच नव्हते. पण नांगर धरणारा तिशीचा पुरुष दोन काठ्यांवर आला म्हणजे त्या घराचे उत्पन्न जाई, आणि पुढच्या पडत्या वर्षी त्याच घरात ताप किंवा हगवण माणसे नेई. ती मृत्युसंख्या तापाच्या सदरात जमा होई. अन्नदोषाने झालेली हानी मृत्यूच्या आकड्यांत किती झाकली जाते, याचे हे ठळक उदाहरण आहे. आकडे वाचणाऱ्याने हे विसरता कामा नये.

विषाचा शोध

१८७३ साली इटलीतील नेपल्सचे वैद्य कान्तानी यांनी या रोगाला, वनस्पतीच्या लॅथिरस या लॅटिन नावावरून, 'लॅथिरिझम' हे नाव दिले. परंतु कारण कोणते, याविषयी वाद पुष्कळ काळ चालू राहिला. १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन या शास्त्रज्ञांनी असे मत मांडले की दोष लाखेचा नसून तिच्यात मिसळून येणाऱ्या अकटा या तणाच्या बियांचा आहे. यांतील अल्बर्ट हॉवर्ड म्हणजे पुढे इंदूरच्या कंपोस्ट पद्धतीमुळे जगभर नावाजलेले तेच. त्यांच्या नावाच्या वजनामुळे लाख निर्दोष असावी असे मानणाऱ्यांस काही काळ बळ मिळाले.

वादाचा निर्णय १९६४ साली झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सर्मा यांनी लाखेच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. त्याचे रासायनिक नाव लांबलचक असल्याने त्याला संक्षेपाने 'ओडॅप' म्हणतात. मेंदूतील पेशी परस्परांना संदेश देण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. ओडॅपची घडण त्या द्रव्यासारखी असल्याने ते त्याच्या जागी जाऊन बसते आणि पेशीला अखंड चेतवत राहते. या अतिश्रमाने, मेंदूपासून कण्यातून पायांच्या स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या मज्जापेशी निकामी होतात. एकदा गेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून पांगळेपणा कायमचा राहतो. प्रारंभी पोटऱ्यांत पेटके येतात, पाय ताठतात. मग रोगी चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत चालतो. पुढे एक काठी, नंतर दोन काठ्या, आणि सर्वांत वाईट अवस्थेत हातांवर सरपटणे. स्त्रियांपेक्षा पुरुषांत, आणि त्यांतही कष्टाची कामे करणाऱ्या तरुणांत, हा रोग अधिक आढळला आहे.

त्याच १९६४ साली द्विवेदी आणि प्रसाद यांनी रीवा जिल्ह्यातील रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. रीवा हे या रोगाचे मोठे आगर. तेथे शेतमजुराला मजुरी धान्यरूपाने मिळे, आणि त्या धान्यात लाखेचा वाटा मोठा असे. मालक गहू बाजारात विकी आणि लाख मजुराच्या पदरात घाली. मालकाच्या घरीही लाख खाल्ली जाई, पण गहू, तांदूळ, दूध आणि भाजी यांच्या जोडीने. एकाच गावात, एकाच शेतातील दाणा खाऊन, मजूर पांगळा होई आणि मालक चालता राही. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखेचा झाला आणि तो क्रम काही महिने सलग चालला, की धोका उभा राहतो, असे या व नंतरच्या पाहण्यांचे तात्पर्य आहे.

पुढील संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखविली. दाण्यातील विषाचे प्रमाण स्थिर नसते. पिकाला पाण्याचा ताण पडला की ते वाढते. जमिनीत जस्त कमी आणि लोह अधिक असेल तरीही ते वाढते. म्हणजे दुष्काळी वर्षी माणूस लाख अधिक खातो, आणि त्याच वर्षीची लाख अधिक विषारी असते. शिवाय हे विष पाण्यात विरघळणारे आहे. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले, किंवा भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणी काढले, तर विषाचा मोठा भाग निघून जातो. उपाय सोपा आहे, परंतु त्याला लागते पाणी आणि जळण. विहीर आटलेल्या वर्षी, ओंजळभर सरपणावर चूल पेटविणाऱ्या बाईने पाणी ओतून द्यावे कसे? उपदेश करणाऱ्यांनी या अडचणीचा विचार फारसा केलेला दिसत नाही.

अन्य देशांतील दाखले

हा रोग मध्य हिंदुस्थानापुरता मर्यादित नाही. १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळावर स्पेनचा थोर चित्रकार गोया याने जी मुद्राचित्रे कोरली, त्यांतील एकाच्या शीर्षकात या डाळीचे स्पॅनिश नाव आहे. भुकेलेली माणसे तिचे अन्न वाढून घेत आहेत आणि एक स्त्री जमिनीवर पडलेली आहे. स्पेनमध्येच यादवी युद्धानंतरच्या टंचाईत, १९४० च्या दशकात, ही साथ पुन्हा आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ साली, रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का या छावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ मुख्य अन्न म्हणून देण्यात आली आणि शेकडो कैदी पांगळे झाले. त्यांच्यातीलच एक कैदी, डॉ. आर्थर केसलर, यांनी रोग ओळखला.

१९९० च्या दशकात इथिओपियात साथ आली, तेव्हा तेथील वैद्यांनी घराघरांतील स्वयंपाकाची बारकाईने चौकशी केली. ज्या घरांत लाख अन्य धान्यांत मिसळून खाल्ली गेली तेथे धोका कमी आढळला. जेथे ती नुसती उकडून, भाजून किंवा हिरवी खाल्ली गेली तेथे अधिक. माद्रिद, वाप्नियार्का, इथिओपिया आणि रीवा यांच्यात हवामान, धर्म, भाषा यांपैकी काहीच समान नव्हते. समान होती ती एकच गोष्ट : खाणाऱ्याला निवड नव्हती. कोठे दुष्काळाने, कोठे युद्धाने, कोठे मालकाने ती काढून घेतली होती.

बंदी आणि तिचे फळ

स्वातंत्र्यानंतर सरकारने या प्रश्नात लक्ष घातले. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ साली लाखेच्या विक्रीवर बंदी घालणारे कलम आले. मात्र ही बंदी प्रत्येक राज्याने स्वतंत्र अधिसूचना काढून लागू करावयाची होती. महाराष्ट्राने ती लागू केली. मध्यप्रदेशात, म्हणजे तेव्हाच्या छत्तीसगडातही, पीक व व्यवहार पुढे चालू राहिले. सीमेच्या अलीकडे तिवरा उघड बाजारात, आणि पलीकडे लाखोळी बेकायदा, असा प्रकार झाला. २०११ सालच्या नव्या अन्नसुरक्षा नियमावलीतही विक्रीबंदीची तरतूद कायम राहिली.

बंदीमागील हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. शहरातील ग्राहकाला तुरीच्या किंवा बेसनाच्या नावाखाली लाख मिळू नये, हे योग्यच आहे. परंतु कायदा विक्रीला लागू होता, खाण्याला नव्हे. पांगळा होणारा माणूस लाख विकत घेत नव्हता. ती त्याच्या शेतात पिकत होती किंवा मजुरीत मिळत होती. ज्याला धोका सर्वांत कमी त्याचे रक्षण कायद्याने केले, आणि ज्याला सर्वांत अधिक त्याच्या चुलीपर्यंत तो पोहोचलाच नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी, ही डाळ गरिबाचे स्वस्त प्रथिन आहे, या भूमिकेवरून बंदीविरुद्ध अनेक वर्षे चळवळ केली, उपोषणे केली. त्यांच्या सर्व मतांशी वैद्यकातील मंडळी सहमत नव्हती. तरी पूर्व विदर्भाच्या शेतकऱ्याची बाजू सरकारपुढे मांडली गेली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्र शासनाने आपली बंदी मागे घेतली.

रायपूरचे बियाणे

प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या रायपुरात हाताळली गेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९८७ साली येथे स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने तिवऱ्याच्या वाणांचा मोठा संग्रह केला आणि त्यांतून अल्प विषाचे वाण निवडण्याचे काम दीर्घकाळ चालविले. 'प्रतीक' आणि 'महातिवरा' हे वाण येथून निघाले. दिल्लीच्या संस्थेने 'रतन' हा वाण दिला. जुन्या स्थानिक वाणांच्या मानाने यांत ओडॅपचे प्रमाण बरेच कमी आहे. २०१६ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने या तीन वाणांस अनुकूल अभिप्राय दिल्याचे जाहीर झाले, तेव्हा देशभर वाद उठला. कोणी म्हणाले, गरिबांच्या ताटात पुन्हा विष. कोणी म्हणाले, डाळींच्या महागाईवर हा उतारा.

आमच्या मते दोन्ही पक्षांनी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तिवऱ्याच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या शेतातील जुन्या वाणाशी संकर होतो. म्हणून सुधारित बियाणे एकदा वाटून काम संपत नाही. शुद्ध बी शेतकऱ्याला वरचेवर मिळत राहिले पाहिजे. आणि वाण कितीही सौम्य असला तरी दुष्काळ त्याचे विष वाढविणारच.

सुदैवाने रोग आज फार विरळ झाला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने महाराष्ट्रातील लाखोळीच्या पट्ट्याची पाहणी करून २०१४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही लाखोळीचे सेवन घटलेले आणि रोगी अगदी थोडे, असेच चित्र आहे. याचे श्रेय कोणाचे? बंदीचे नव्हे, कारण जेथे बंदी प्रत्यक्षात नव्हती तेथेही रोग ओसरला. नव्या वाणांचेही पूर्णपणे नव्हे, कारण जुनी बियाणी आजही पेरली जातात. मजुरी धान्याऐवजी रोख मिळू लागली, कालव्यांनी दुसरे पीक शक्य केले, आणि रेशन दुकानातून तांदूळ नियमित घरी येऊ लागला. छत्तीसगड राज्याने २०१२ साली अन्न व पोषण सुरक्षेचा कायदा केला. त्यात तांदळाबरोबर आदिवासी भागांत सवलतीच्या चण्याचीही सोय केली. ताटात भात आला, चणा आला, आणि तिवरा पुन्हा आपल्या योग्य जागी, म्हणजे तोंडी लावण्यापुरता, उरला. लाखेचा धोका ओसरला तो लाख नाहीशी झाल्यामुळे नव्हे, तर तिच्या जोडीला दुसरे अन्न आल्यामुळे.

या इतिहासाचा आजचा अर्थ

ही हकीकत संपलेली आहे असे मानून निश्चिंत राहण्यासारखी स्थिती मात्र नाही. अन्नाच्या बाबतीत जो नियम दिसला तोच पाण्यालाही लागू पडतो. पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा या गावी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, भूजलात आर्सेनिक आढळले. तेथेही प्रश्न तोच होता : गावाला दुसरे पाणी कोठून मिळणार? दोष खडकात होता हे खरे, पण ज्याच्याजवळ दुसरी विहीर होती त्याचा आणि ज्याच्याजवळ नव्हती त्याचा धोका सारखा नव्हता. निसर्गातील दोष सर्वत्र आहेत. ते रोगाचे रूप घेतात ते प्रामुख्याने तेथे, जेथे माणसाला एकाच धान्यावर किंवा एकाच झऱ्यावर विसंबावे लागते.

आपल्या कुटुंबांपुरते सांगायचे तर, तिवऱ्याची भाजी किंवा लाखोळीचे वडे अधूनमधून खाण्याने, चारीठाव जेवण जेवणाऱ्या माणसाला घाबरण्याचे कारण नाही. डाळ भिजवून पाणी टाकावे, रोजच्या आमटीसाठी ती वापरू नये, बेसन ओळखीच्या गिरणीतून दळून घ्यावे, एवढी दक्षता पुरे. परंतु प्रश्न आपल्या ताटापुरता नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा गडी, गावाकडून हंगामापुरता येणारा मजूर, यांच्या घरी पडत्या वर्षी काय शिजते, याची विचारपूस करणे हे शेजारधर्मात मोडते. पाऊस अनियमित होत चालला आहे. उताऱ्यावरील जमिनीत दुसरे पीक आजही होत नाही. ज्यांची रेशनपत्रिका गावी आणि पोट शहरात, अशा कुटुंबांना स्वस्त धान्य वेळेवर मिळतेच असे नाही. सागरच्या त्या गावात गारपीट आणि पांगळेपणा यांच्यामध्ये चार वर्षांचे अंतर होते. त्या चार वर्षांत कोणी गव्हाच्या चार गाड्या तेथे पोहोचविल्या असत्या, तर स्लीमनला लिहिण्यासारखे काही उरले नसते.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी हे मंडळ स्थापन केले ते परक्या गावी एकमेकांच्या अडीनडीला उपयोगी पडावे म्हणून. आता हे गाव परके राहिलेले नाही. येथील धान, येथील भाजी आणि येथील भाषा आपल्या घरांत रुळली आहे. तेव्हा अडीनडीला उपयोगी पडण्याचे ते वर्तुळही मंडळाच्या सभासदांपुरते राहू नये. पावसाने दगा दिलेल्या पहिल्याच वर्षी आजूबाजूच्या गावांत तांदूळ आणि डाळ पुरेशी पोहोचते आहे की नाही, एवढी चौकशी मंडळाने आपल्या वार्षिक कार्यात घालून घ्यावी, अशी सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो.